अरुण कोलटकर : मराठी कवी की इंग्रजी?

कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर पोटापाण्यासाठी जाहिरातक्षेत्रात चित्रकार होते. कविता मात्र दोन्ही भाषांत लिहीत. खंडोबाच्या गावावरची ‘जेजुरी’ १९७६ साली पुस्तकरूपात आली ती इंग्रजीत, आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. मराठी ‘जेजुरी’ निघाली त्यांच्या निधनानंतर!

म्हणून त्यांना इंग्रजी कवी ठरवणं घाईचं होईल. मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीतही त्यांनी लिहिलं, तेही मराठी संग्रहात छापलं, आणि स्वतःच त्याचं अमेरिकन बोलीत भाषांतर केलं. जगभरच्या स्त्रियांचे अश्रू टिपणारी ‘भिजकी वही’ (२००३) तर अस्सल मराठी. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर गेले. साहित्य अकादमी पुरस्कार ‘भिजकी वही’ला पुढच्या वर्षी मिळाला.