ऊमरापासून ढेपेच्या कँडलपर्यंत

एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात सरकीच्या ढेपेचा सौदा अकोल्याच्या नावाने चालतो. वऱ्हाडातल्या गोठ्यात जाणाऱ्या ढेपेचा भाव तिथे लाल-हिरव्या कँडलमध्ये उमटतो. त्यावर मूव्हिंग अ‍ॅव्हरेज आणि आरएसआय हे निर्देशक लावून ‘घ्यावं की थांबावं’ ठरवणारे अनेकदा अकोल्यापासून शेकडो मैल दूर बसलेले असतात. वऱ्हाडाला यातलं फारसं काही नवं नाही. माल न बघता नुसत्या भावावर नजर ठेवण्याची सवय इथे कापसाने कधीच लावली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथला कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला जाई. १८२५ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने तो मुंबईकडे वळवला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या इकडे वळल्या, भाव कडाडले. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असं तेव्हापासून सांगितलं जातं; त्यात मीठमसाला किती, ते ज्याने त्याने ठरवावं. मुंबईत त्या पैशावर शेअरबाजी उसळली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकवायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंदसारखे दिग्गज त्या लाटेत बुडाले.

त्या चार वर्षांचा आलेख आज काढला, तर वरच्या टोकापर्यंत सगळे निर्देशक ‘तेजी’च म्हणाले असते. उलटण्याचं कारण आलेखात नव्हतंच. ते व्हर्जिनियातल्या रणांगणावर होतं.

पुढे बातमीचा वेग वाढला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला, १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझशी जोडली गेली. अमरावतीच्या नावावरून पडलेला ‘ऊमरा’ हा प्रकार लिव्हरपूलच्या बाजारात ठरलेली प्रत म्हणून विकला जाऊ लागला. भाव आधी कळला तो अडत्या, उशिरा कळला तो शेतकरी. ही दरी कमी करायला कायदाही आला. कारंजाच्या बाजाराला १८८६ मध्येच नियम लागू झाले होते; १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापाड्यांना परवाने आले. देशातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळं इथवर पोचतात.

कँडलची पद्धत मात्र जपानची. ओसाकातल्या दोजिमाच्या तांदूळबाजाराला १७३० मध्ये शोगुनने मान्यता दिली. अठराव्या शतकातला साकाताचा व्यापारी मुनेहिसा होन्मा याला या पद्धतीचं श्रेय दिलं जातं. उघडतानाचा, सर्वांत चढा, सर्वांत उतरता आणि बंद होतानाचा असे चार भाव एका आकृतीत. पाश्चात्त्य वाचकांत ती रुजवली स्टीव्ह निसनच्या १९९१ च्या पुस्तकाने. आरएसआय त्याआधीचा, वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये मांडलेला: साधारण १४ दिवसांचं गणित, ७० च्या वर खरेदीचा अतिरेक, ३० च्या खाली विक्रीचा.

‘उघडता’ आणि ‘बंद’ भाव मुंबईच्या गल्ल्यांना निसनच्या कितीतरी आधी पाठ होते. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या या दोन भावांच्या आकड्यांवर पैजा लागत; तोच आकड्यांचा जुगार. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तर आकडे चिठ्ठ्यांतून काढायला सुरुवात झाली आणि मटका जन्मला! भावामागचा कापूस गेला तरी खेळणाऱ्याला फरक पडला नाही, हे चार्टवाल्यांनी मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

साठच्या दशकातच कापसाचे वायदे बंद झाले. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी आली. भाव सरकार जाहीर करी, तिथे कँडल वाचणार कोण? ती योजना जवळपास तीन दशकं चालली. एनसीडीईएक्स डिसेंबर २००३ मध्ये सुरू झालं आणि वऱ्हाडचा माल पुन्हा वायद्यात आला, सोयाबीनही.

२० डिसेंबर २०२१ ला बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांवर वर्षभराची स्थगिती आणली. नंतर ती वाढतच गेली. यादीत ढेप नव्हती. सोयाबीनच्या चार्टवर त्याआधी भाव उलटण्याची खूण मानलेल्या कँडलच्या आकृत्या शोधल्या जात होत्या: कुणी डोजी शोधत होतं, कुणी हॅमर. दिल्ली-मुंबईहून निघणारा आदेश कुठल्याच आकृतीत दिसला नाही.