आकडा ओवीच्या शेवटी

पोथीत ओवीचा आकडा शेवटी, दोन दुहेरी दंडांच्या मध्ये येतो: ॥१२॥. वर्ड प्रोसेसरच्या यादीत तो परिच्छेदाच्या आधीच उभा. फरक नुसत्या जागेचा नाही. नकलणाऱ्याला आकडा म्हणजे पुरी झालेली मोजदाद. ओवी गळली तर मूळ प्रतीशी ताळा बसत नसे. १९८३च्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये स्टाइल शीट होती, म्हणजे मजकूर एकीकडे, त्याचे रूप दुसरीकडे. पुढे क्रमांकही स्टाइलला जोडता आला आणि आकडा साक्षीदार उरला नाही: मधले कलम खोडा, खालची मुकाट्याने वर सरकतात. सोय मोठीच, पण गळती झाकणारी. ‘कलम ७ पाहा’ हा उल्लेखही क्रॉस-रेफरन्सने जोडता येतो, असे कोणी म्हणेल. येतो, फक्त फील्ड अपडेट करायचे राहिले, तर तिथे जुनाच सात दिसत राहतो.