तलाव सरकारचा झाला, गाळ कोणाचा?

नागपूरहून भंडाऱ्याकडे हायवेने निघालात, तर शहर यायच्या थोडं आधी जवाहरनगर लागतं. साठच्या दशकात इथे आयुध निर्माणी आली आणि तिच्यासोबत आमची वसाहत. शेजारच्या वस्तीला सगळे ‘ठाणा पेट्रोलपंप’ म्हणतात. पेट्रोलपंप हे गावाचं आडनावच झालंय. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात ढाबे, हॉटेलं, लेआउट आणि लॉन उगवलेत. (आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाचा हॉल. गवतही असतं, पण ते नंतर.) सगळ्यांचा आराखडा एकच: समोर हिरवळ, बाजूला गट्टू, मागे बोअरवेल. छपराचं पाणी पाइपातून थेट रस्त्याच्या नालीत.

आता ‘सस्टेनेबल लँडस्केप’ करून देणारेही आलेत. देशी झाडं लावा, पाणी जिरवा, असं सांगतात. बरोबरच सांगतात. फक्त ते दाखवतात त्या फोटोंतली घरं बेंगळुरूची असतात. ज्या जिल्ह्यात उभं राहून ते बोलतात, त्या जिल्ह्यानं पाण्याभोवती जमीन घडवायचं काम काही शतकं केलंय. ते कसं बिघडलं, हेही इथेच बघायला मिळतं.

भंडाऱ्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा मोठा वाटतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत येतो, आणि खाली बऱ्याच ठिकाणी कठीण खडक. भाताला तर ऐन निसवायच्या वेळी, पाऊस गेल्यावरच, पाणी लागतं. गोंड राजांनी यावर काढलेला उपाय साधा होता: जो जंगल तोडून गाव वसवेल, तलाव बांधेल, त्याला जमीन. चांद्याच्या राज्यात अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात त्या नावाची वस्ती आजही आहे. या कामात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. तिथे डोंगरांच्या मधल्या फटी तेवढ्या मातीच्या पाळीनं बुजवल्या. बाकीची भिंत डोंगरांनीच दिली.

एक तलाव घेऊन बघा. वर जंगल, तिथून ओघळत येणारं पाणी. मग मातीची पाळ. पाळीत तुडूम, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर भोकं असलेली पायऱ्यांसारखी रचना. पाणी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. एका कडेला सलांग, जिथून जास्तीचं पाणी बाहेर पडून खालच्या तलावात किंवा बोडीत जातं. पाळीखाली ऊस आणि भाताच्या बांध्या. बांधीच्या धुऱ्यावर तूर. भात उभा असतानाच ओलीवर लाखोळी फेकायची. माझ्या आजोळी कवेलूच्या छपराचं पाणी घरामागच्या वाडीत उतरायचं, तिथे केळी आणि शेवगा. वाडीतून उरलेलं बोडीत. म्हणजे घर, शेत आणि गाव एकाच उतारावर मांडलेलं. आज या एका उताराची तीन वेगवेगळी कोटेशनं येतात.

पण मला या रचनेतला खरा भाग माती-दगडाचा वाटत नाही. तो देण्याघेण्याचा आहे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की शेतकरी गाळ काढून शेतात नेणार. त्याला खत मिळालं, तलाव खोल झाला. मासे ढिवरांचे. पाळ फुटली तर हाकेला सगळ्यांनी यायचं. दुरुस्ती वेगळं खातं नव्हतं, ती लोकांच्या पोटापाण्यातच होती.

हे सगळं गोड नव्हतं. ‘मालगुजारी तलाव’ हे नाव तलावांपेक्षा तरुण आहे. नागपूरचं राज्य १८५३मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि पुढच्या जमाबंदीत सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली. गावासोबत तलावही त्यांचे झाले. वेठीवर राबवून घेणारे मालगुजार कमी नव्हते, आणि पाणी आधी कोणाच्या शेताला जायचं हे सांगायला नको. म्हणून १९५०चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा मला न्याय्यच वाटतो. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि मालगुजारीला ‘माजी’ लागून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणायला लागले. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार.

कायद्यानं तलाव घेतला; देणंघेणं मात्र कोणत्याच सातबाऱ्यावर नव्हतं, ते सुटून गेलं. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गाळ काढायला परवानगी लागू लागली. मासेमारीचे लिलाव झाले, बाहेरचं बीज सोडलं गेलं. त्यातला गवत्या मासा पाण्यातली झाडोरा खाऊन टाकतो, मग देशी मासे अंडी कुठे घालणार? काठावर बेशरम माजली. तळावर अतिक्रमणं झाली. कोणी वाईट वागलं म्हणून हे झालं नाही. उन्हाळ्यात तिथे उतरण्याचं कोणाला कारणच उरलं नाही.

गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांसोबत जे केलं, ते म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आधी वयस्कर मासेमारांना विचारलं, कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीजवळ राहतो. मग बेशरम उपटली, पावसाआधी तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्यांत ढिवर बायका पुढे होत्या. मासे वाढले तर घरात पैसा येणार होता, म्हणून पुढच्या वर्षीही त्या उतरल्या.

मागच्या वर्षी एका लॉनवाल्या काकांनी मला त्यांचा नकाशा दाखवला. देशी झाडं, पाणी जिरवायचा मोठा खड्डा, सगळं छान. ‘काका, हा खड्डा मे महिन्यात कोण उपसणार?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘माळी.’ माळी म्हणाला, ‘माह्याच्यानं नाही होत.’ मागे लागून असलेल्या बांधीचा शेतकरी तिथेच बसला होता. त्यानं विचारलं, गाळ मला न्यायला मिळेल का? काकांनी हो म्हटलं. पाऊस जास्त झाला तर खड्ड्यातलं उतू जाणारं पाणी नालीऐवजी त्याच्या बांधीत सोडायचं, हेही ठरलं. नकाशात तेवढा एक पाट वाढवला.