जुनी फियाट, अस्सल इंजिन

स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीयांच्या दारात जी मोटार प्रथम दिमाखाने उभी राहिली, ती 'फियाट'. या मोटारीचे सोलापूरशी असलेले नाते मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ती भारतात बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचे संस्थापक, उद्योगमहर्षी वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. १९४४मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९४७पासून आधी अमेरिकी मोटारींची जुळणी होऊ लागली. १९५४मध्ये 'फियाट ११००' आली. तिच्या गोलसर ठेवणीमुळे लोकांनी तिचे 'डुक्कर फियाट' असे बारसे केले. पुढे १९६४मध्ये 'डिलाइट' आणि १९७४पासून 'पद्मिनी' असा हा वंशवृक्ष विस्तारला. मुंबईत २००३ साली नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली.

टॅक्सी गेली, तरी वाड्यांच्या पडवीत आणि पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची किंवा आजोबांची फियाट झाकून ठेवलेली कुटुंबे आजही आहेत. अशी मोटार पुन्हा सुरू करायची, तर ती केवळ धावती करून भागत नाही. तिचे इंजिन ज्या काळाचे, त्याच काळाचे दिसले आणि राहिले पाहिजे. याला आता कायद्याचेही कारण आहे.

'विंटेज' कोणाला म्हणावे?

ब्रिटिश शौकिनांच्या परिभाषेत १९१९ ते १९३० या काळातील मोटारीच 'विंटेज' ठरतात. भारतीय कायद्याची व्याख्या अधिक उदार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'विंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क असून तिची मुदत दहा वर्षे आहे. नव्याने नोंदलेल्या वाहनाला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, तर आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी मोटार रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी मात्र नेता येत नाही.

यातली खरी मेख 'मूळ स्वरूप' या शब्दांत आहे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेले वाहन या व्याख्येत बसत नाही. पहिली पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिच्यात मधल्या काळात डिझेल इंजिन बसवले असेल, तर तिचा या नोंदणीवरील हक्कच धोक्यात येतो.

इंजिनाची ओळख

फियाट ११०० आणि पद्मिनी यांचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे व १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे. व्हॉल्व्ह हेडमध्ये, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि दोहोंना जोडणारे पुशरॉड अशी साधी, सोशिक रचना. सुमारे ४० अश्वशक्तीचे हे यंत्र गल्लीतल्या मेकॅनिकलाही समजत असे. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले आणि म्हणूनच त्यात हाताला येईल तो भाग बसवला गेला.

आधी छायाचित्र, मग पाना

इंजिन खोलण्यापूर्वी ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. ब्लॉक घासताना हा क्रमांक पुसला गेला, तर पुढे मोटारीची ओळख पटवणे कठीण होते. त्यानंतर प्रत्येक नळी, वायर, क्लिप आणि वायसर यांची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला भाग कितीही निकामी वाटला तरी चिठ्ठी लावून जपून ठेवावा. नवा भाग घडवायचा झाल्यास तोच नमुना असतो.

धुण्याच्या कामातही जोखीम आहे. बिडाचा ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत स्वच्छ होतो, पण त्याच टाकीत ॲल्युमिनियमचे हेड टाकले तर सोडा धातूच खाऊ लागतो. वाळूच्या माऱ्याने साफ केलेल्या ब्लॉकच्या तेलवाहिन्यांत कण अडकून राहिले, तर नवे बेअरिंग पहिल्याच फेरीत ओरखडतात.

यंत्रकामाचा नियम एकच, गरजेपेक्षा अधिक धातू काढू नये. बोअर झिजला असेल तर रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. मात्र ब्लॉकची भिंत दर वेळी पातळ होत जाते. शेवटच्या मापापर्यंत पोचलेल्या ब्लॉकमध्ये स्लीव्ह बसवून सिलिंडर मूळ ६८ मिलिमीटरवर आणणे हा चांगला मार्ग. हेड फेसिंगचेही तसेच. हेड वारंवार घासले की कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन ठोके देऊ लागते.

रंग आणि मुलामा

सर्वाधिक चुका होतात त्या चमक आणण्याच्या हौसेपायी. कारखान्यातून निघालेले इंजिन आरशासारखे चकचकीत कधीच नव्हते. ओतीव ॲल्युमिनियमचा पोत मंद राखाडी असतो. त्यावर पॉलिश चढवले की तो पोत कायमचा जातो. मूळ रंग शोधायचा तर माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली, वॉटर पंपाच्या मागे किंवा नावाच्या पट्टीखाली पाहावे. तेथे उष्णता व तेल कमी पोचल्याने जुना थर टिकून असतो.

प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. फोर्डच्या १९२८ ते १९३१च्या 'मॉडेल ए'चे इंजिन हिरवे असे, तर शेवरलेची १९५५नंतरची आठ सिलिंडरची इंजिने नारिंगी रंगासाठी प्रसिद्ध आहेत. मुलाम्यालाही काळ असतो. क्रोमचा वापर १९२०च्या दशकाच्या अखेरीस रुळला, त्याआधी निकेल चढवले जाई. त्यामुळे १९२५च्या मोटारीवर झळाळणारे क्रोम जाणकाराच्या नजरेला लगेच खटकते.

सुटे भाग कोठून?

प्रीमियरच्या मोटारी लाखांच्या घरात बनल्या, ही फियाटवाल्यांची जमेची बाजू. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने शोधणाऱ्याला सोलेक्स कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर असे भाग सापडू शकतात. न वापरलेला जुना भाग मिळाला तर उत्तम, नाहीतर मूळ भागच दुरुस्त करावा. बाजारातील नवी नक्कल हा शेवटचा पर्याय. नट-बोल्टही मेट्रिक मापाचेच हवेत. इंची आट्यांचा बोल्ट जबरदस्तीने फिरवला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच समजा.

तडजोड कोठे करावी?

अस्सलपणाचा आग्रह सुरक्षेच्या आड येता कामा नये. जुन्या गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती कोरडी खरवडू नयेत आणि पुन्हा बसवूही नयेत. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात फेब्रुवारी २०००पासून बंद झाले. ज्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह थेट बिडाच्या हेडवर टेकतात, तेथे कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागतात.

नवे संकट इथेनॉलचे आहे. २०२५मध्ये पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. साखर कारखान्यांच्या सोलापूर जिल्ह्याला हे वरदान असले, तरी जुने रबर त्याने फुगते, चिरते आणि पेट्रोल गळू लागते. तापलेल्या इंजिनावर अशी गळती म्हणजे आगीला आमंत्रण. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या पदार्थाचाच घ्यावा. सोलापूरचा उन्हाळा आणि बोअरचे जड पाणी पाहता रेडिएटरमध्ये शुद्ध पाणी व कूलंट यांचे मिश्रणच घालावे.

असे बदल डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवे तेव्हा काढता येतात. प्रत्येकाची तारखेसह वहीत नोंद ठेवावी. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिव्हा' या जागतिक महासंघाने २०१२मध्ये स्वीकारलेल्या 'तुरिन सनदे'चाही भर बदलण्यापेक्षा जपण्यावर, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर आहे. ज्या तुरिनचे नाव फियाटच्या नावातच दडले आहे, त्या शहराच्या नावाची ही सनद सोलापूरच्या शेडमधील फियाटलाही तितकीच लागू पडते. नवे इंजिन पैशाने मिळते. वडिलांनी चालवलेले इंजिन एकदा भंगारात गेले, की ते परत मिळत नाही.