गटकार्याचे गुणांकन : मुंबई विद्यापीठाच्या ग्रामीण परिघातील वाटचाल

ठाणे जिल्ह्यातील भातसानगरच्या परिसरातील, म्हणजे शहापूर-मुरबाडमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे त्यांच्या मूल्यमापनाची मुळे 1857 पर्यंत जातात. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी स्वतः न शिकवता केवळ परीक्षा घेऊन पदव्या देई, त्यामुळे गुण एकट्या परीक्षार्थीच्या उत्तरपत्रिकेशी बांधले गेले. कोठारी आयोगाने (1964-66) अंतर्गत मूल्यमापनाचा, म्हणजे शिक्षकानेच वर्षभर केलेल्या पारखणीचा, पुरस्कार केला. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने सामूहिक श्रमाला महाविद्यालयात स्थान दिले, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाच्या प्रकल्पांना श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अध्ययनाचे एकक, जोडण्याची दिशा दाखवली.

तथापि अशा गटप्रकल्पांत एकच अहवाल आणि सर्वांना समान गुण देण्याच्या पद्धतीत कोणाचे श्रम किती, हे झाकले जाते. भातसा धरणाचे पाणी मुंबईला जात असताना लगतच्या पाड्यांच्या पाणीप्रश्नाचे सर्वेक्षण एखाद्या गटाने केले, तर आदिवासी कुटुंबांशी त्यांच्या बोलीत संवाद साधणाऱ्या विद्यार्थ्याचे योगदान लिखित अहवालात उमटत नाही. म्हणून अहवालाला सामाईक गुण देतानाच कामाची नोंदवही, वैयक्तिक तोंडी परीक्षा आणि सहाध्यायी-मूल्यमापन, म्हणजे गटातील सोबत्यांनी परस्परांच्या कामाची केलेली पारख, यांची जोड देणे हाच न्याय्य मार्ग ठरतो.