सगळ्या कॉम्प्युटरांची एकच चावी : नरडाणा ते न्हावाशेवा

 

आपल्या नरडाणा एमआयडीसीत आणि आसपासच्या पतसंस्थांमध्ये सध्या एकाच तऱ्हेची कोटेशनं फिरताहेत. सर्व्हर, ऑफिसातले डेस्कटॉप, वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर, सगळं एकाच सॉफ्टवेअरमधून सांभाळायचं. कुठलं मशीन बंद आहे, कुठे अपडेट राहिलंय, कुणी काय इन्स्टॉल केलंय, ते एका स्क्रीनवर दिसतं. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं, "भाऊ, घेऊ का?" माझं उत्तर "घ्या" असंच आहे, पण अटी घालून. त्या अटी का, हे समजायला या सॉफ्टवेअरचा तीस वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. कोटेशन आणणारा तो सांगत नाही, त्याचं ते कामही नाही.

२००० सालच्या आगेमागे आपल्याकडे ऑफिसात चार कॉम्प्युटर असले म्हणजे संस्था मोठी. त्यातलं एक जरा दणकट मशीन म्हणजे सर्व्हर. त्याच्या खोलीला एसी आणि चेअरमनच्या केबिनला पंखा! काही बिघडलं की धुळ्याहून माणूस मोटरसायकलवर यायचा, पिशवीत सीडींचा गठ्ठा. एका मशीनवर अँटिव्हायरस टाकला की उठून दुसऱ्यावर. दहा मशीनं असली तर दिवस गेला. कटकट होती खरी, पण एका मशीनचा आजार दुसऱ्याला लागायला फ्लॉपी घेऊन जाणारा माणूस तरी लागायचा.

ही कटकट परदेशात आधी वाढली. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली मोठ्या कंपन्यांसाठी सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर काढला, १९९७ साली छोट्या धंद्यांसाठी स्मॉल बिझनेस सर्व्हर. २००७ मध्ये मधल्या आकाराच्या धंद्यांसाठी सिस्टिम सेंटर इसेन्शियल्स आलं. ३० सर्व्हर आणि ५०० डेस्कटॉप एवढी त्याची मर्यादा. देखरेख, अपडेट, सॉफ्टवेअर टाकणं, सगळं एकत्र. २०१० च्या आवृत्तीत सर्व्हरची मर्यादा ५० झाली आणि त्यापुढे कंपनीने ते बंदच केलं. स्मॉल बिझनेस सर्व्हरही २०११ च्या आवृत्तीवर थांबला. दुकान कितीही मोठं असलं तरी माल बंद होतो, हे सॉफ्टवेअर निवडताना कुणी धरत नाही.

आपल्याकडेही ही कामं झाली. चेन्नईच्या झोहो कंपनीचं मॅनेजइंजिन आज जगभर याच कामासाठी विकलं जातं. पुण्याची गोष्ट तर आपल्या मराठी माणसाची. कैलास काटकर यांचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं. धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहिलं, त्याचंच क्विक हील झालं. आधी ते एकेका मशीनपुरतं होतं. पुढे सेक्राइट या नावाने, कंपनीतली सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळण्यासाठीही आलं. म्हणजे सीडीच्या पिशवीपासून एका स्क्रीनपर्यंतचा प्रवास एका मराठी कंपनीतच बघायला मिळतो.

आता मुख्य गोष्ट. २७ जून २०१७. न्हावाशेवा, म्हणजे जेएनपीटी. आपल्यापासून साधारण साडेतीनशे किलोमीटर. जळगावची केळी परदेशी जातात ती याच बंदरातून. तिथलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या गटाकडे आहे. त्या दिवशी टर्मिनलचे कॉम्प्युटर बसले. कुठला कंटेनर कुठे, हे सांगणारी यंत्रणाच गेली आणि कामं हाताने करायची वेळ आली.

हल्ला न्हावाशेव्यावर नव्हताच. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर घरोघरच्या धंद्यात वापरतात, जसं आपल्याकडे टॅली. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर होतं. तिथून तो जगभर पसरला, आणि पसरला कसा ते नीट समजून घ्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरायचा त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण व्हायरस तेवढ्यावर थांबत नव्हता. एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि अ‍ॅडमिन जी साधनं वापरून दूरवरची मशीनं सांभाळतो, तीच वापरून पुढच्या मशीनवर जायचा. त्यामुळे पॅच टाकलेली मशीनंही पडली. धुळ्याचा तो माणूस ज्या दारातून यायचा, त्याच दारातून त्याचेच कपडे घालून चोर आला म्हणा.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. दहा दिवसांत केले, असं त्यांच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला जाहीर सांगितलं. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचं.

यातला एक भाग आपल्या खान्देशातल्या माणसाला लगेच कळेल. कुणाला कुठे शिरायची परवानगी, याची वही ठेवणारे मर्स्कचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. प्रत्येकाकडे दुसऱ्याची नक्कल. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण सगळे एकदमच गेले. नक्कल चालू यंत्रणेलाच जोडलेली, मग तीही त्याच फटक्यात गेली. शेवटी एक सर्व्हर शाबूत सापडला, तो आफ्रिकेत, घाना देशात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती. इंटरनेटवरून तो डेटा इंग्लंडला पाठवावा तर लाइन फार बारीक. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियात गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो लंडनला पोचला. लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण झालं. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून. बँकेचा मुख्य सर्व्हर आणि एटीएम यांच्या मधोमध चोरांनी आपली खोटी यंत्रणा बसवली होती. पैसे द्यायचे की नाही हे ती ठरवत होती.

आणि ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर आज आपल्याला विकायला येतंय, नेमकं त्याच प्रकारचं सॉफ्टवेअर २ जुलै २०२१ ला फुटलं. कसेया ही अमेरिकी कंपनी. एका जागेवरून अनेक गिऱ्हाइकांचे सर्व्हर-डेस्कटॉप सांभाळायचं तिचं सॉफ्टवेअर ठेकेदार वापरतात, आपल्या भाषेत एएमसीवाले. चोरांनी त्यातूनच खंडणीचा व्हायरस पाठवला. कंपनीची थेट गिऱ्हाइकं ५०-६० बाधित झाली, पण त्यांच्या मागची १,५०० पर्यंत संस्था अडकल्या. स्वीडनमधली कोऑप, म्हणजे ग्राहकांच्या सहकारी दुकानांची साखळी, तिला जवळजवळ ८०० दुकानं बंद ठेवावी लागली. गल्लाच उघडेना. कोऑपने ते सॉफ्टवेअर स्वतः घेतलेलंही नव्हतं, गल्ल्याची यंत्रं सांभाळणाऱ्या ठेकेदाराच्या बाजूने ते आलं. सभासद दारात, माल फडताळात, आणि आते काय करानं भो?

हसण्यावारी नेऊ नका. ३१ जुलै २०२४ ला आपल्या देशात तेच झालं. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. आजार पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या गिऱ्हाइकांचे यूपीआय, एटीएम अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली. देशाच्या एकूण व्यवहारात हा वाटा किरकोळ, पण ज्याला त्या दिवशी खताची गोणी उचलायची होती त्याला किरकोळ कसा?

गावच्या विकास सोसायट्याही आता याच वाटेवर आहेत. केंद्राने २९ जून २०२२ ला ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची योजना, देशभर एकच सॉफ्टवेअर. मी याच्या बाजूचा आहे. कर्जाची नोंद सचिवाच्या कपाटातल्या वहीत राहण्यापेक्षा सगळ्यांना दिसणारी बरी. आपल्या भागात वह्यांचं काय काय झालंय ते सांगत बसत नाही. पण चावी एक झाली की ती कुणाकडे, हे सभासदाला ठाऊक असायला हवं.

म्हणून माझ्या अटी. बॅकअपची एक प्रत कशालाही न जोडलेली, कपाटात कुलूपबंद, आणि सहा महिन्यांतून एकदा त्यावरून डेटा खरोखर परत उभा करून पाहायचा. हिशेबाचा सर्व्हर आणि वजनकाट्याचा कॉम्प्युटर एकाच अ‍ॅडमिन पासवर्डवर नकोत. एएमसीवाल्याला दूरून शिरायची परवानगी कामापुरती द्यायची आणि काम झालं की काढायची, बारा महिने उघडी नाही. सॉफ्टवेअर उद्या बंद झालं तर आपला डेटा कुठल्या स्वरूपात हातात मिळेल, ते करारात लिहून घ्यायचं. भारतीय घ्या की परदेशी, स्वस्त घ्या की महाग, ते तुमचं तुम्ही बघा. या चार गोष्टींवर व्हेंडर गुळमुळीत बोलला तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावेन.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. अहवालाच्या खर्चात 'संगणक देखभाल' अशी एखादी ओळ असते, तिच्यावरून कुणी मान वर करत नाही. या वेळी तिथे बोट ठेवून विचारा : अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, आणि बॅकअपवरून डेटा शेवटचा कधी उभा करून पाहिला?