जोडणीची अट

लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना ‘लोहित’ हा फाँट परिचयाचा आहे. रेड हॅट कंपनीने भारतीय भाषांसाठीचे हे फाँट २००४ साली सर्वांना खुले केले. ते मोफत होते. पण सोबत परवाना होता, आणि त्या परवान्याला मोठा इतिहास आहे.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये ‘जीपीएल’ परवाना आणला. त्याचे सांगणे थोडक्यात असे : प्रोग्राम वापरा, बदला, वाटा, मात्र वाटताना मूळ कोडही याच अटींवर पुढच्याला द्या. आपल्या प्रोग्रामला जीपीएलचा भाग जोडून तो वाटला, तर स्टॉलमन यांच्या संस्थेच्या मते सबंध प्रोग्रामला ही अट लागते. विरजण लागले की सगळ्या दुधाचे दही होते, तसेच हे. घरच्यापुरते वापरले तर मात्र बंधन नाही. जोडण्यासाठीच लिहिलेल्या तयार भागांसाठी १९९१ मध्ये सौम्य ‘एलजीपीएल’ आला.

खरी अडचण दोन मुक्त परवाने जुळत नाहीत तेव्हा येते. जीपीएलची १९९१ची दुसरी आवृत्ती आणि २००४चा अपाचे परवाना दोन्ही मुक्त. पण पेटंटविषयीच्या अटींमुळे त्यांचा कोड एकत्र करून वाटता येत नाही, असे स्टॉलमन यांची संस्था मानते. २००७च्या तिसऱ्या आवृत्तीने ही गाठ सोडवली. मात्र ‘फक्त दुसरी आवृत्ती’ असे लिहिलेला कोड तिसरीशीही जुळत नाही.

फाँटचा प्रश्न वेगळाच. पीडीएफ करताना फाँट त्या फाईलमध्येच जाऊन बसतो. मग सांगलीतल्या लेखकाने जीपीएलच्या फाँटमध्ये पुस्तक केले, तर पुस्तकालाही ती अट लागेल काय? या शंकेसाठी जीपीएलला खास सवलतीचे कलम जोडण्याची सोय झाली. ‘ओपन फाँट लायसन्स’च्या २००७च्या आवृत्तीने तर स्पष्टच लिहिले, की फाँट वापरून केलेल्या मजकुराला अट लागू नाही. २०११ मध्ये लोहित फाँट याच परवान्याखाली आले.

परवाना बदलण्याचा अधिकार हक्कधारकाचाच. कोड पन्नास जणांनी लिहिला असेल, तर पन्नासही जणांची संमती हवी. एखाद्याचा पत्ता लागला नाही, तर काम तिथेच अडते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. अशा तरुणांनी दुसऱ्याचा कोड आपल्या कामाला जोडण्यापूर्वी परवाना वाचावा. जोडणे क्षणाचे असते, सोडवणे वर्षांचे.